बिस्किटला बिस्किट देऊ नकोस

वडूज, जि. सातारा
ता. ५ जुलै

चि. मुक्ता,

काल फोनवर माझा आवाज चढला. तू कौतुकानं सांगत होतीस, पार्किंगमध्ये कुणीतरी टाकलेलं कुत्र्याचं दोन महिन्यांचं मादी पिल्लू घरी आणलं, तुझ्या ओवीनं तिचं नाव बिस्किट ठेवलं, वगैरे. मग म्हणालीस, "लशीचं काय, जरा रुळू दे मामा, सावकाश नेऊ." त्या ‘सावकाश’वर मी उसळलो. आज सकाळी तू तिला दवाखान्यात नेऊन पहिली लस टोचून आणलीस, जंताचं औषधही पाजलंस, असं कळलं. राग तिथंच संपला. पण मामा एवढा का ओरडला, ते तुला कळायला हवं.

आयुष्यभर मी गुरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होतो. खांद्याला बर्फाचा थर्मास अडकवून घटसर्पाच्या, फऱ्याच्या लशी टोचत तालुकाभर हिंडलो. घरी मोती नावाचं पिल्लू होतं, तुझ्या जन्माच्या आधीची गोष्ट. भिंतीवरच्या कालनिर्णयात त्याच्या लशीच्या तारखेला मी तांबड्या शाईनं गोल केला होता. त्या दिवशी नेमकी लांबच्या गावात साथ निघाली, तिकडं गेलो. परत आल्यावर म्हटलं, घरचंच तर कुत्रं आहे, रविवारी देऊ. असे तीन रविवार गेले. चौथ्या आठवड्यात मोतीनं खाणं सोडलं, उलट्या सुरू झाल्या, मग रक्ताची हगवण. पार्व्हो. रात्र रात्र सलाईन धरून बसलो, तिसऱ्या दिवशी पहाटे गेला. ज्याच्या हातानं गावोगावची जनावरं वाचली, त्याच्याच ओट्यावर पिल्लू मेलं. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो मी पाहिलाय.

तेव्हापासून एक गोष्ट मनाशी पक्की आहे. कुत्र्यावर जीव सगळेच लावतात. मीही लावला होता. पण कुत्रं लाडावर जगत नाही, नेमावर जगतं. वारकऱ्याची वारी चुकत नाही, तसं कुत्रेवाल्याचं चुकायला नको. बाकी सगळा तपशील आहे, तो सांगतो.

एक लस झाली म्हणजे काम झालं, असं समजू नकोस. आईच्या पहिल्या चिकातून पिल्लाला जी ताकद मिळालेली असते, तीच सुरुवातीला लशीला अंगी लागू देत नाही. ती ताकद कुठल्या पिल्लात कधी ओसरेल, सांगता येत नाही. म्हणून दर तीन ते चार आठवड्यांनी, पिल्लू सोळा आठवड्यांचं होईपर्यंत, तीच लस पुन्हा द्यायची. तिसऱ्या महिन्यात रेबीजची, मग डॉक्टर सांगतील तशी दर वर्षी. पावसाळ्यात उंदरांच्या मुतानं लेप्टो पसरतो, तो माणसालाही होतो. ती लस यादीत आहे ना, विचारून घे. जंताचं औषध सहा महिन्यांची होईतो दरमहा, पुढं दर तीन महिन्यांनी.

हा कोर्स पुरा होईपर्यंत तिला रस्त्यावर खाली सोडू नकोस. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन् महिने तग धरतो. पण म्हणून घरात कोंडूनही ठेवू नकोस, आणि इथंच पुष्कळ लोक चुकतात. साधारण तीन ते चौदा आठवडे हे पिल्लाचं जग ओळखायचं वय. त्या काळात जे पाहिलं-ऐकलं नाही, त्याला कुत्रं पुढं जन्मभर घाबरू शकतं, आणि बऱ्याचदा घाबरलेलं कुत्रंच चावतं. तेव्हा तिला काखेत घेऊन फिर. रिक्षा, ढोल, दाढीवाला माणूस, छत्री, काठी टेकत चालणारे आजोबा, कुकरची शिट्टी, सगळं लांबून दाखव आणि तोंडात काहीतरी गोड चवीचं नाही, चांगल्या चवीचं घाल.

गोड नको म्हणतोय ते मुद्दाम. नाव बिस्किट ठेवलंत, हरकत नाही. पण बिस्किटला बिस्किट देऊ नका. मैदा आणि साखर, दुसरं काय असतं त्यात? दूधभातावरही पिल्लू पोसत नाही. मोठ्या कुत्र्यांना तर दूध बहुधा पचतच नाही. वाढत्या वयात पिल्लांचं खाद्य द्या किंवा डॉक्टरांना विचारून घरचं बसवा: उकडलेलं अंडं, बिनहाडाची कोंबडी, भात, लाल भोपळा. तेल-मीठ-मसाला नाही. आता दिवसातून चारदा, सहा महिन्यांनंतर दोनदा, वेळ ठरलेली. तुझ्या सासूबाई भाविक आहेत. कुत्र्यानं भाकरी पळवली तेव्हा नामदेव तुपाची वाटी घेऊन मागं धावले, ही गोष्ट त्या नक्की सांगतील. त्यांना नमस्कार सांग आणि म्हण, नामदेवांची दृष्टी घ्या, वाटी नको. फार तुपातेलानं कुत्र्याच्या स्वादुपिंडाला सूज येते आणि ती जिवावर बेतू शकते. प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणे, द्राक्षं, चॉकलेट, कांदा-लसूण, ही तर विषंच. बिनसाखरेच्या च्युइंगममध्ये बऱ्याचदा झायलिटॉल असतं, तेही. शिजवलेल्या हाडाच्या कपच्या होऊन आतडं फाटू शकतं. रविवारच्या मटणाची नळी तिला द्यायची नाही, ती कितीही केविलवाणी बघू दे.

तिचं अंग गरम लागतंय म्हणून घाबरशील. कुत्र्याचं तापमान आपल्यापेक्षा वरच असतं, १०१ ते १०२.५ फॅरनहाइट हे तिचं नेहमीचं. नाक कोरडं की ओलं यावरून काही ठरत नाही; थर्मामीटर लाव. आणि आपल्या डब्यातली पॅरासिटामॉल किंवा अंगदुखीची गोळी अर्धी सुद्धा देऊ नकोस. माणसाला तारणाऱ्या गोळीनं कुत्रं दगावू शकतं.

पावसाळ्यात गोचिडांचा नेम हवा. रोज संध्याकाळी कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, पट्ट्याखाली, शेपटीच्या बुडाशी हात फिरव. सापडली तर चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढ, नखानं चिरडू नकोस. रॉकेल लावायचं नाही. आमच्याकडं गाईच्या अंगावर मारायचं औषध लोक कुत्र्यावर ओततात आणि मग थरथरतं जनावर दवाखान्यात आणतात. गोचीड भिंतीच्या फटीत अंडी घालते, म्हणून गादी आणि कोपरेही साफ ठेव. खाणं कमी, हिरड्या फिकट, नाकातून रक्त, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी रक्त तपासून घे.

आता शिकवण. शूला ती कुठंही बसते, अशी तुझी तक्रार. झोपेतून उठली, खाल्लं, खेळून झालं, की लगेच उचलून ठरलेल्या जागी न्यायचं. तिथं केलं की त्याच क्षणी शाबासकी आणि खाऊचा तुकडा. दोन मिनिटांनी दिलेला खाऊ कशाबद्दल होता, हे तिला कळत नाही. तसंच, सकाळच्या डबक्याबद्दल दुपारी रागावलीस तर ती एवढंच शिकते, की ही बाई अधूनमधून विनाकारण चिडते. तिचं नाक त्यात घासणं हा तर शुद्ध अडाणीपणा.

घरात सगळ्यांनी मिळून शब्द ठरवा. ओवी म्हणते ‘सिट’, जावईबापू म्हणतात ‘बस’, आजी म्हणतात ‘खाली बस गं बाई’. त्यात तुला कंटाळा आला की तू म्हणतेस ‘बास’! त्या बिचारीनं बसायचं की थांबायचं? ‘बस’ ठेवलात तर थांबवायला ‘पुरे’ ठेवा. आणि ‘ये’ म्हणून बोलावून कधी रागावू नका, औषधही पाजू नका. ‘ये’ म्हटलं की चांगलंच घडतं, हा भरवसा एकदा पक्का झाला, तर उद्या रस्त्यात गाडीपुढून ती याच शब्दानं परत येईल.

कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच, असं आपण म्हणतो. ते सरळ करायचंच कशाला, ते वाचायला शीक. शेपूट हलतंय म्हणजे खूशच आहे, असं नाही. ताठ वर धरून थरथरवलं तर तो इशारा असतो. तोंड फिरवणं, झोप नसताना जांभई, ओठ चाटणं, डोळ्याचा पांढरा कोपरा दिसणं, या सगळ्यांतून ती ‘मला नको’ म्हणत असते. तेही ऐकलं नाही तर गुरगुरते. गुरगुरल्याबद्दल मारू नका. मार खाऊन कुत्रं गुरगुरणं सोडतं, चावणं सोडत नाही. मग ते न सांगता चावतं. ओवीला दोनच नियम शिकव: खाताना हात लावायचा नाही, झोपेतून उठवायचं नाही. आणि दोघींना एकट्या सोडू नकोस.

दात येताहेत, ती हातापायांना लागेलच. हात काढून घे, चघळायला दोरी दे. पण रक्त आलं किंवा ओरखडा उठला तर हसण्यावारी नेऊ नकोस. पिल्लाच्या दातानं रेबीज होत नाही, हा समज जीवघेणा आहे. ती कुठून आली, तिच्या आईला काय झालं होतं, आपल्याला माहीत नाही. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धू, घड्याळ लावून. हळद, चुना, मिरची यातलं काही नको. मग थेट सरकारी दवाखाना. बेंबीभोवतीच्या चौदा सुया आता राहिल्या नाहीत, ती लस बंद होऊन वीसेक वर्षं झाली. आता दंडात घेतात आणि सगळे डोस पुरे करायचे असतात. रेबीज एकदा उमटला की त्यातून माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. या एकाच बाबतीत मी तुला घाबरवतोय, आणि मुद्दाम.

सासूबाई म्हणाल्या ना, "कुत्री कशाला, कुत्रा आणायचा"? मादी म्हणूनच तिला कुणीतरी टाकलं असणार. सहा महिन्यांच्या सुमारास डॉक्टरांना विचारून तिची नसबंदी करून घे. एकदा तरी विऊ द्यावी, याला काही आधार नाही. नसबंदी न केलेल्या कुत्र्यांच्या गर्भाशयात पुढं पू होऊ शकतो, स्तनात गाठी येऊ शकतात. अशा म्हाताऱ्या कुत्र्या मी फार पाहिल्या. महापालिकेचा परवाना काढ, बाहेर नेताना पट्टा आणि कागदी पिशवी विसरू नकोस. सोसायटीतली निम्मी भांडणं तेवढ्यानंच मिटतात.

दिवाळीत ती पाच-सहा महिन्यांची असेल. फटाक्यांच्या रात्री खिडक्या लाव, पंखा आणि टीव्ही चालू ठेव, कोपऱ्यात जुनी गोधडी टाकून तिला लपू दे. ओढून बाहेर काढू नकोस. पट्ट्याला फोन नंबर अडकव. दिवाळीत हरवलेली कुत्री पाडव्याला शोधत हिंडणारे लोक दर वर्षी असतात.

ती बारा-तेरा वर्षं जगेल. आज सात वर्षांची असलेली ओवी कॉलेजात जाईल, तेव्हा बिस्किटला जिना चढवणार नाही आणि कुणाला तरी तिला उचलून न्यावं लागेल. तेही या नेमातच धर.

घरी सर्वांना यथायोग्य नमस्कार, ओवीस गोड पापा.

तुझा,
मामा

ता. क. सोबत कालनिर्णय पाठवतोय. पुढच्या लशींच्या तारखांना तांबड्या शाईनं गोल केले आहेत. त्या दिवशी सकाळी मी फोन करणार नाही. तू दवाखान्यातून आलीस की कर.