कोरडा दिवस आठवड्यातून एकदा का?

पावसाळा लागला की आरोग्य खात्याचे कर्मचारी हातात विजेरी घेऊन घरोघर येतात. पिंपांत, रांजणांत डोकावतात आणि जाताना सांगतात, "आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा. भांडी रिकामी करा, घासा, वाळवा, मग भरा." हे डेंग्यू टाळण्यासाठी आहे, एवढे आपणा सर्वांना ठाऊक असते. पण आठवड्यानेच का? आणि पाणी ओतून दिल्यावर भांडे पुन्हा घासायचे कशासाठी? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे जेमतेम अर्धा मिलिमीटर लांबीच्या एका काळ्या अंड्यापासून सुरू होतात.

डेंग्यूचा विषाणू एका माणसाकडून दुसऱ्याकडे नेणारा मुख्य डास म्हणजे एडिस इजिप्ती. ऑस्ट्रेलियात बँक्रॉफ्ट यांनी १९०६ साली या डासाकडे बोट दाखवले. काळे अंग, पायांवर पांढरे पट्टे, चावण्याची वेळ दिवसाची. गटाराच्या घाण पाण्यात हा सहसा वाढत नाही. त्याला आपल्या घरातले साठवलेले, स्वच्छ पाणी आवडते. कुंडीखालची बशी, कूलर, गच्चीवर पडलेला टायर, नारळाची करवंटी, काहीही चालते. प्रस्तुत लेखकाच्या घरी अळ्या सापडल्या त्या फ्रिजच्या मागच्या तबकात!

आता अंड्याकडे वळू. आपल्या ओळखीचा क्यूलेक्स डास अंड्यांचा तराफा पाण्यावर सोडतो. एडिसची मादी तसे करत नाही. ती पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या ओलसर भिंतीवर एकेक अंडे चिकटवते. प्रथम पांढरे असलेले अंडे काही तासांत काळे पडते. दोन-तीन दिवसांत आत अळी तयार होते, पण ती बाहेर येत नाही. पाणी वर चढून अंडे बुडेपर्यंत ती थांबते. मधल्या काळात भांडे सुकले तरी अंडे मरत नाही. कित्येक महिने ते कोरडेच जिवंत राहते. विचार करा, आपण पिंप ओततो तेव्हा अळ्या वाहून जातात हे खरे, पण भिंतीवरची अंडी जागच्या जागी राहतात. मग आपणच ते पिंप काठोकाठ भरतो आणि अंड्यांना हवे असलेले पाणी आपल्या हातांनी देतो. म्हणून नारळाच्या शेंडीने किंवा काथ्याने भांड्याची आतली बाजू, विशेषतः काठाजवळची, खरवडून घासायची.

अंड्यातून निघालेली अळी चार अवस्थांतून जाते. आपल्याकडच्या उबदार हवेत याला पाचेक दिवस लागतात. पुढे दोन दिवस ती कोशात असते आणि मग डास उडतो. म्हणजे साधारण एक आठवडा किंवा थोडे अधिक. दर सात दिवसांनी पाणी ओतले, तर डास उडण्यापूर्वीच साखळी तुटते. दहाव्या दिवशी आठवण झाली, तर ओतलेल्या पाण्यात रिकामे कोश सापडतील!

डेंग्यूच्या रुग्णाला चावलेला डास लगेच रोग पसरवू शकत नाही. त्याच्या शरीरात विषाणू वाढून लाळेपर्यंत पोहोचायला आठ ते बारा दिवस लागतात. त्यानंतर मात्र तो मरेपर्यंत धोकादायक असतो. म्हणून तापाच्या दिवसांत रुग्णाने दिवसासुद्धा मच्छरदाणीत झोपावे. हे त्याच्यासाठी नव्हे, घरातल्या इतरांसाठी.

आजाराबद्दल दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. ताप उतरला म्हणजे संकट टळले असे नाही. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप उतरत असतानाच काही रुग्णांच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून रक्तद्रव झिरपू लागतो. पोटात तीव्र वेदना, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, लघवी कमी होणे, कमालीची गळून गेल्यासारखी अवस्था, यांतले काहीही दिसले तर तत्काळ रुग्णालय गाठावे. आणि तापावर ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन देऊ नये, कारण त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो.

'एकदा झाला, आता सुटलो' हेही चुकीचे. या विषाणूचे चार प्रकार आहेत आणि एकाची प्रतिकारशक्ती दुसऱ्यापासून कायमचे संरक्षण देत नाही. क्यूबा या बेटावर १९७७ साली पहिल्या प्रकाराची सौम्य साथ येऊन गेली. १९८१ साली दुसरा प्रकार आला तेव्हा ३,४४,२०३ रुग्ण झाले आणि १५८ दगावले. १९७७ ची साथ न पाहिलेल्या एक-दोन वर्षांच्या मुलांत मात्र गंभीर आजार फार क्वचित आढळला. पहिल्या वेळची प्रतिपिंडे दुसऱ्या प्रकाराच्या विषाणूला चिकटतात खरी, पण त्याला निकामी करण्याऐवजी पेशींत शिरायला मदतच करतात, असे शास्त्रज्ञ मानतात.

आता एक खरी अडचण. जिथे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येते, तिथे "पिंप ओतून द्या" असे सांगणे सोपे आणि ऐकणे कठीण. अशा घरी पाणी फेकू नये. ते कापडातून गाळून दुसऱ्या भांड्यात घ्यावे, पिंप घासून वाळवावे आणि पाणी परत भरून तोंडाला कापड घट्ट बांधावे. नुसते सैल झाकण कुचकामी आहे; फटीतून शिरलेल्या मादीला आतला अंधार उलट सोयीचाच वाटतो. मोठ्या टाक्यांत गप्पी मासे सोडता येतात.

अंड्यांचा चिवटपणा प्रत्यक्ष पाहायचा असेल, तर शिक्षकांच्या देखरेखीखाली हा प्रयोग करा. काचेच्या पेल्याला बाहेरून काळा कागद गुंडाळा, आत टीपकागदाची पट्टी लावा, अर्ध्यापर्यंत पाणी भरा आणि पेला सावलीच्या कोपऱ्यात ठेवा. चौथ्या दिवशी पट्टी काढा, पाणी कोरड्या मातीवर ओता, पेला घासून टाका. पाण्याच्या रेषेवर भिंगातून काळे ठिपके दिसतात का ते पाहा. पट्टी दोन दिवस ओलसर फडक्यात ठेवून सावलीत वाळवा आणि पंधरा दिवस पाकिटात घालून ठेवा. मग ती बशीतल्या पाण्यात बुडवा आणि वर मलमल बांधा. काही अळ्या तासाभरात वळवळू लागतील, काही दुसऱ्या दिवशी. काही अंडी तर पुढच्या भिजण्यापर्यंत तशीच राहतील. नोंदी करून झाल्या की तिसऱ्या दिवसाच्या आत बशीत उकळते पाणी ओता आणि पट्टी जाळून टाका.