पाठीला पाठ लावून उभी घरे

वास्तुशिल्प म्हटले की राजवाडे, किल्ले आणि मंदिरे आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात. शहरातला कष्टकरी माणूस कसल्या घरात राहत होता, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. माझे वडील गवंडी असल्यामुळे मला तो पडला, आणि त्याचे एक उत्तर इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहरात मिळाले.

तेथे हर्स्ट स्ट्रीट आणि इंज स्ट्रीट यांच्या कोपऱ्यावर, एका चौकाभोवती, विटांची ११ घरे आहेत. ती १८०२ ते १८३१ या काळात बांधली गेली. रस्त्याकडे तोंड असलेल्या घराच्या पाठीला चौकाकडे तोंड असलेले दुसरे घर चिकटलेले. मागची भिंत दोघांत एकच. मजले तीन, पण प्रत्येक मजल्यावर खोली एकच. खाली चूल व उठण्याबसण्याची जागा, वर निजण्याच्या खोल्या. संडास आणि कपडे धुण्याची जागा चौकात, सर्वांना मिळून. येथे कोणी कुलपे करी, कोणी घड्याळांचे काटे, तर कोणी काचेचे डोळे.

अशी रचना कशासाठी? सामाईक भिंतीमुळे विटा वाचतात आणि थोड्या जमिनीवर अधिक भाडी मिळतात. त्यातून त्या काळी इंग्लंडमध्ये विटांवर कर होता; तो १७८४ साली बसला आणि १८५० साली उठला. मालकाचा हिशेब चोख होता. परंतु खिडक्या एकाच बाजूला असल्यामुळे वारा आरपार जात नसे. मालकाने वाचवलेल्या विटेची किंमत भाडेकरू आपल्या श्वासाने मोजत होता. अखेर १९०९ च्या कायद्याने अशी नवी घरे बांधण्यास देशभर बंदी घातली.

बर्मिंगहॅममधील अशी हजारो घरे पाडली गेली. हा चौकही १९६६ साली राहण्यास अयोग्य ठरला. मात्र १९८८ साली त्याला संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला, आणि दुरुस्तीनंतर २००४ साली नॅशनल ट्रस्टने तो लोकांसाठी खुला केला. धनिकांच्या हवेल्या जपणाऱ्या संस्थेने कारागिरांच्या खोल्याही जपल्या, ही गोष्ट मला मोलाची वाटते.

कागदपत्रांत ज्यांचे नाव क्वचितच येते, त्यांचा इतिहास भिंतींत असतो. म्हणून जुने घर पाहताना त्याच्या दर्शनी भागावर न थांबता, खिडक्या किती आणि कोणत्या बाजूला, हेही आपण मोजावे, असे विद्यार्थी मित्रांना सुचवावेसे वाटते.