घोरणारं मूल आणि वर्गातलं लक्ष

"दिवसभर खेळून दमतो, म्हणून घोरत गाढ झोपतो," असं वस्तीतल्या आया आम्हाला कौतुकानं सांगतात. सर्दीत चार दिवस घोरलं तर गोष्ट वेगळी. पण आठवड्यातून ३ किंवा जास्त रात्री मूल घोरत असेल, तर ती गाढ झोप नव्हे.

नाकाच्या मागे अ‍ॅडिनॉइड आणि घशात टॉन्सिल या गाठी असतात. त्या वाढल्या की हवेची वाट अरुंद होते. काहींचा श्वास मध्येच अडतो, झोप पुन्हा पुन्हा मोडते. झोप न झालेलं मोठं माणूस पेंगतं. लहान मूल उलट चुळबुळ करतं, चिडतं, एका जागी बसत नाही. मग शाळेतून तक्रार येते आणि घरी मार बसतो. हात उगारण्याआधी एक रात्र त्याच्या उशाशी बसून बघा.

अमेरिकेत ९-१० वर्षांच्या १० हजारांहून अधिक मुलांचा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. नेहमी घोरणाऱ्यांत मेंदूच्या पुढच्या भागाचा थर पातळ आढळला; लक्ष आणि संयम सांभाळणारा तो भाग. घोरण्यामुळेच तसं झालं, हे मात्र त्यावरून सिद्ध होत नाही.

तोंड उघडं ठेवून झोपणं, श्वास अडून दचकणं, सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होणं, हे दिसलं तर मोबाईलवर झोपेचा व्हिडिओ काढा आणि सरकारी दवाखान्यात कान-नाक-घसा डॉक्टरांना दाखवा. ऑपरेशन प्रत्येकाला लागत नाही. काहींना नाकात मारायच्या औषधानंही आराम पडतो. मूल झोपतं त्या खोलीत विडी नको, मच्छर अगरबत्तीही नको.