‘फ्री आहे काका!’

आर्मेनियातल्या मेघ्रीच्या पुढे अरास नदीवरचा पूल ओलांडून आम्ही दोघं नवराबायको इराणच्या नोर्दुझ नाक्यावर उभे होतो. सप्टेंबर 2024. खिडकीमागच्या तरुण अधिकाऱ्याने माझा पासपोर्ट पुढून मागे चाळला, मग मागून पुढे. ‘‘व्हिसा?’’ मी ऐटीत म्हणालो, ‘‘इंडियन. नो व्हिसा.’’ त्याने तळहात विमानासारखा तिरका वर नेला. ‘‘एअरपोर्ट, यस.’’ मग तोच हात टेबलावर आडवा टेकवला. ‘‘हिअर, नो.’’

इस्तंबूलपासून जमिनीवरून करत आणलेला आमचा प्रवास तिथे संपला. पुढचं तब्रिझ, इस्फहान, शिराझ, सगळं कागदावरच राहिलं.

त्या पोराचं काहीच चुकलं नव्हतं. इराणने 4 फेब्रुवारी 2024 पासून भारतीय पर्यटकांना व्हिसा माफ केला होता, पण अटी घालून. फक्त पर्यटनासाठी, जास्तीत जास्त 15 दिवस, सहा महिन्यांतून एकदाच आणि विमानाने आलात तरच. पहिल्या तीन अटी आमच्या एजंटला तोंडपाठ होत्या. चौथी त्याने वाचलीच नव्हती. किंवा वाचून सोडून दिली असेल, देव जाणे.

एजंट आमच्या कांदिवलीतल्या चारकोपचाच. नाव लिहीत नाही. दर वेळी एकच पालुपद, ‘‘इराण फ्री आहे काका! तुम्ही टेन्शन घेऊ नका.’’ मी दोनदा विचारलं होतं. हिच्यासमोर विचारलं होतं. हे मुद्दाम सांगतो, कारण नंतर सोसायटीत ‘काकांनीच नीट चौकशी केली नाही’ असं पसरलं.

खरी फजिती पुढेच होती. आर्मेनियातून बाहेर पडल्याचा शिक्का पासपोर्टवर बसला होता आणि आमचा आर्मेनियाचा व्हिसा एकाच प्रवेशाचा. म्हणजे पुढे इराण घेईना आणि मागे जायचा कागद संपलेला. पुलाअलीकडे प्लास्टिकच्या दोन खुर्च्यांवर आम्ही अडीच तास बसलो. हिने पिशवीतला शेवटचा खाकऱ्याचा पुडा फोडला आणि शांतपणे म्हणाली, ‘‘अहो, तरी मी म्हणत होते, एकदा स्वतः वाचा.’’ त्या अडीच तासांत ती एवढंच बोलली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

शेवटी आर्मेनियाच्या अधिकाऱ्याने तो शिक्का रद्द केला आणि आम्हाला परत आत घेतलं. भला माणूस. पण बसने दुसरीकडून जावं म्हटलं तर वाट कुठे होती? आर्मेनियाची तुर्कस्तानकडची हद्द 1993 पासून बंद, अझरबैजानकडचीही बंद. उरतात जॉर्जिया आणि इराण. येरेवानला उलटं जाऊन मिळेल त्या दराने विमान पकडलं. तेहरान–मुंबई तिकिटाचे पैसे बुडाले ते बुडालेच.

मेघ्रीहून फोन केला तेव्हा एजंट काय म्हणाला? ‘‘काका, तुम्ही बाय रोड जाणार हे क्लिअर सांगितलं नव्हतं.’’ त्यानेच छापून दिलेल्या कार्यक्रमात अठराव्या दिवसापुढे लिहिलंय, ‘मेघ्री ते तब्रिझ, टॅक्सीने.’ टॅक्सी हवेतून जाते का?

असो. ज्यांना असा प्रवास करायचा आहे त्यांच्यासाठी सांगतो.

‘व्हिसा लागतो का?’ एवढंच विचारू नका. ‘अमुक नाक्यावरून, जमिनीवरून, भारतीय पासपोर्टवर जाता येतं का?’ असं नाक्याचं नाव घेऊन विचारा. अझरबैजानचा ई-व्हिसा ऑनलाइन सहज मिळतो, पण त्यांच्या जमिनीवरच्या हद्दी 2020 पासून प्रवाशांसाठी बंद आहेत. व्हिसा खिशात असूनही दार बंदच.

प्रत्येक व्हिसावर किती प्रवेश आहेत ते बघा. ज्या देशातून पुढे जायचं, तिथे परत यावं लागेल असं धरूनच चाला. एकाऐवजी अनेक प्रवेशांचा व्हिसा मिळत असेल तर चार पैसे जास्त द्या.

दुसऱ्या देशाच्या व्हिसावर मिळणारी सवलत नीट समजून घ्या. अमेरिकेचा चालू व्हिसा असल्यामुळे आम्हाला तुर्कस्तानचा ई-व्हिसा मिळाला आणि जॉर्जियात तसाच प्रवेश मिळाला. तो व्हिसा जुन्या पासपोर्टात असेल तर दोन्ही पासपोर्ट जवळ ठेवा.

युरोपपर्यंत जाणार असाल तर शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिन्यांहून जास्त आधी अर्ज करता येत नाही. लांबच्या प्रवासात हे गणित चुकतं. आणि तिथे 180 दिवसांत 90 दिवसच राहता येतं, यात वाद घालून काही होत नाही.

नियम दूतावासाकडूनच घ्या. इराणचा वाणिज्य दूतावास मुंबईतच आहे. कांदिवलीहून लोकल पकडून अर्ध्या दिवसात जाऊन आलो असतो. हे मला आजही टोचतं.

नियम निघण्याच्या आठवड्यात पुन्हा तपासा. नोकरीच्या आमिषाने नेलेल्या भारतीयांच्या अपहरणाचे प्रकार घडले आणि 22 नोव्हेंबर 2025 पासून इराणने ती व्हिसामाफीच थांबवली. म्हणजे आता विमानानेही ‘फ्री’ नाही.

बाकी नेहमीचंच. झेरॉक्स काढा, थोडे डॉलर ठेवा, औषधं विसरू नका, डोकं शांत ठेवा. शेवटचं मला जमलं नाही.

अठराव्या दिवसाचा तो कागद मी लॅमिनेट करून ठेवलाय. चारकोपातल्या कुणाला बघायचा असेल तर संध्याकाळी सहानंतर जरूर यावं. येताना तुमच्या एजंटने दिलेला कागदही आणा. चहा घेता घेता दोघं मिळून वाचू.