राबणाऱ्या दुचाकीचं ऑइल : डब्याची किंमत आणि वर्षाचा हिशेब

गावाकडची दुचाकी कागदावर एकाच्या नावावर असते, पण ती चालवतं सगळं घर. पहाटे दोन्ही बाजूंना कॅन लावून दूध डेअरीवर, मग पोरं हायस्कूलला, दुपारी टाकीवर खताची गोणी घेऊन रानात, आणि रात्रीच्या पाळीची वीज आली की मोटर चालू करायला पुन्हा रानात. कच्ची वाट, फुफाटा, पहिल्या-दुसऱ्या गिअरची चाल, आणि दोन-दोन किलोमीटरवर इंजिन बंद-चालू. अशा गाडीला ऑइल कुठलं, याचा निर्णय बहुतेक वेळा गॅरेजमध्ये होतो. मिस्त्री फळीवरचा एक डबा काढतो, आपण पैसे मोजतो आणि निघतो.

वर्षाचा हिशेब मांडला की कळतं, महाग डबा घेतल्यानं गाडी आपोआप सुखरूप राहत नाही आणि स्वस्त डब्यानं ती बिघडतही नाही. खर्च ठरतो तो तीन गोष्टींवर : कंपनीनं सांगितलेली ग्रेड, वेळेवर बदल आणि दोन बदलांच्या मधली पातळी.

डब्यावर आधी काय वाचायचं

डब्यावरचं चित्र आणि ‘रेसिंग’सारखे शब्द सोडून तीन खुणा शोधा.

पहिली खूण घट्टपणाची. १०डब्ल्यू-३०, २०डब्ल्यू-४०, २०डब्ल्यू-५०, १५डब्ल्यू-५० असे आकडे असतात. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीत ऑइल किती वाहतं ते सांगतो, नंतरचा आकडा तापलेल्या इंजिनात ते किती जाड राहतं ते सांगतो. २०डब्ल्यू ऑइलची थंडीची चाचणी उणे १५ अंशांना होते, १०डब्ल्यूची उणे २५ ला. आपल्याकडे निफाडची थंडीसुद्धा त्याच्या जवळपास जात नाही, त्यामुळे आपल्याकडं गाडी चालू होण्यासाठी यातलं कुठलंही चालेल. तरीही ग्रेड आपल्या मनानं बदलू नये. इंजिनातली फट आणि पंप एका ठरावीक जाडीच्या हिशेबानं बनवलेले असतात. १०डब्ल्यू-३० सांगितलेल्या १०० सीसीच्या गाडीत ‘आवाज कमी येईल’ म्हणून २०डब्ल्यू-५० ओतलं, तर आवाज थोडा दबेल, पण मायलेज घटेल आणि सकाळी पहिल्या किकला ऑइल वरपर्यंत पोचायला उशीर लागेल. आवाज ज्या झिजेमुळं येतो, ती झीज तशीच राहते.

दुसरी खूण जासो, म्हणजे जपानी वाहन उद्योगाचं मानक. मोटरसायकलमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच एकाच ऑइलमध्ये भिजलेले असतात. क्लचच्या प्लेटा घसरू नयेत म्हणून तिला एमए किंवा एमए-२ लागतं. बिनगिअरच्या स्कूटरचा क्लच कोरडा आणि वेगळा असतो, म्हणून तिथं एमबी सांगितलेलं असतं. ते अधिक निसरडं असल्यानं मायलेजला थोडी मदत होते. स्कूटरचं एमबी ऑइल मोटरसायकलमध्ये गेलं, तर चढाला इंजिन ओरडतं आणि गाडी पुढं सरकत नाही. उलटं झालं, म्हणजे स्कूटरमध्ये त्याच जाडीचं एमए गेलं, तर फारसं बिघडत नाही. घरात दोन्ही गाड्या असतील तर एवढं पक्कं लक्षात ठेवा.

तिसरी खूण एपीआयची : एसजे, एसएल, एसएम, एसएन, एसपी. एस नंतरचं अक्षर जितकं पुढचं, तितकं मानक नवं. एसएल २००१ चं, एसएन २०१० चं, एसपी २०२० चं. पुस्तिकेत एसएल लिहिलं असेल तर एसएन चालतं, पण एमए किंवा एमए-२ ची खूण सोबत हवीच.

ट्रॅक्टरसाठी आणलेलं १५डब्ल्यू-४० घरात असतं, तेच गाडीत ओतायची सवय अनेक ठिकाणी आहे. डिझेल इंजिनाचं ऑइल धूर आणि काजळी पेलण्यासाठी बनवलेलं असतं. त्याच्यावर जासोची खूण नसेल तर क्लचची हमी कुणीच देत नाही. चारचाकीचं पातळ ऑइल तर मोटरसायकलपासून लांबच ठेवा. त्यात घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात आणि ती क्लचला नको असतात. वरून ओतायच्या ‘मायलेज वाढवणाऱ्या’ बाटल्यांचंही तेच.

खर्च किती येतो

खालचे आकडे बाजारातल्या साधारण किमतींवरचे आहेत. ब्रँड आणि गाव बदललं की शंभर-दीडशे रुपयांचा फरक पडतो. छापील किमतीत १८ टक्के जीएसटी धरलेला असतो, तो वेगळा द्यायचा नाही. उदाहरणासाठी १०० ते ११० सीसीची मोटरसायकल घेऊ, महिन्याला १,००० किमी, म्हणजे वर्षाला १२,००० किमी. ऑइल बदलायची मजुरी १०० रुपये धरली आहे.

• मिनरल : डबा सुमारे ४०० रुपये. दर ३,००० किमीला बदल, वर्षात चार वेळा. एकूण २,००० रुपये.

• सेमी-सिंथेटिक : डबा सुमारे ५५० रुपये. दर ४,००० किमीला बदल, वर्षात तीन वेळा. एकूण १,९५० रुपये.

• फुल सिंथेटिक : डबा सुमारे ९०० रुपये. दर ६,००० किमीला बदल, वर्षात दोन वेळा. एकूण २,००० रुपये.

म्हणजे तिन्ही वाटांनी वर्षाचा खर्च जवळपास तेवढाच येतो. सिंथेटिक घालून दर ३,००० किमीला बदललं तर तोच खर्च ४,००० होतो. कामाच्या १०० सीसी गाडीला तेवढ्याची गरज नाही. उलट मिनरल घालून ६,००० किमीपर्यंत ओढलं तर वर्षाला हजार रुपये वाचलेले दिसतात. पण बोअर-पिस्टनचं काम निघालं की छोट्या गॅरेजमध्येही तीन-चार हजारांपासून पुढं बिल होतं. क्लचप्लेटा गेल्या तर सामान आणि मजुरी मिळून हजाराच्या पुढं जातात. शिवाय गाडी दोन दिवस उभी राहते, आणि ते दोन दिवस दूध डेअरीवर न्यायला शेजाऱ्याची गाडी मागावी लागते.

सिंथेटिकची खरी ताकद उष्णतेत दिसते. ते तापून लवकर पातळ होत नाही आणि लवकर जळतही नाही. विदर्भातला मे महिना, घाटातून रोजची डबलसीट, १५० सीसीच्या वरची गाडी किंवा भर उन्हात लांबचा हायवे असेल तर जादा पैसे वसूल होतात. जुन्या, झिजलेल्या इंजिनात मात्र सील सैल असतात. तिथं महाग ऑइल गळून किंवा जळून जाणार असेल, तर मिनरलच बरं आणि बदल लवकर.

किती किलोमीटरला बदलायचं

आधी पुस्तिका पाहा. काही कंपन्या ६,००० किमीला बदल आणि मध्ये ३,००० ला टॉप-अप सांगतात. मोठ्या इंजिनांच्या काही गाड्यांना १०,००० सुद्धा सांगितलेले असतात. पण धूळ, ओझं आणि छोट्या फेऱ्या असतील तर बदल लवकर करा, हेही बऱ्याच पुस्तिकांमध्ये असतं, फक्त बारीक अक्षरात. दोन किलोमीटर जाऊन बंद होणारं इंजिन नीट तापत नाही, त्यामुळे आत जमलेला दमटपणा आणि पेट्रोलचा अंश उडून जात नाही. राबणाऱ्या गाडीनं किलोमीटर भरले नाहीत, तरी वर्षातून एकदा ऑइल बदलावंच.

ऑइल काळं पडलं म्हणजे संपलं, असं नाही. आतली घाण धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. बोटांत चोळल्यावर कण लागले किंवा रंग दुधाळ झाला, तर थांबू नका. दुधाळ रंग म्हणजे आत पाणी. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर सांगली-कोल्हापुरात अशा गाड्यांच्या रांगा लागल्या होत्या. पाण्यात बुडालेल्या गाडीला किक मारायची नाही. आधी ऑइल काढायचं, एअर फिल्टर, प्लग आणि कार्ब्युरेटर साफ करून घ्यायचे, मग स्वस्तातलं मिनरल भरून थोडा वेळ चालवायचं आणि तेही काढून टाकायचं. दोन डब्यांचे आठशे रुपये जातात, पण इंजिन वाचतं.

धुळीच्या रस्त्यावर ऑइलइतकंच एअर फिल्टरकडंही लक्ष द्यावं लागतं. तो तुंबला किंवा फाटला की बारीक माती थेट पिस्टनपर्यंत जाते आणि चांगल्यातलं चांगलं ऑइलही तिच्यापुढं टिकत नाही. ऑइल बदलताना तो उघडून पाहायला सांगा.

पातळी : फुकटचं आणि सर्वांत महत्त्वाचं काम

छोट्या मोटरसायकलच्या पोटात जेमतेम लिटरभर ऑइल असतं. त्यातलं २०० मिली जळालं, म्हणजे पाचवा हिस्सा गेला. डबा कितीही महाग असो, उरलेल्या ऑइलवर ताण येतोच. म्हणून पंधरा दिवसांतून एकदा गाडी सपाट जागी मेनस्टँडवर लावा, दोन-तीन मिनिटं चालवून बंद करा, थोडं थांबा आणि डिपस्टिक पुसून पातळी पाहा. बऱ्याच गाड्यांत ती आटे न फिरवता नुसती टेकवून पाहायची असते, तुमच्या गाडीची रीत पुस्तिकेत असते. काही गाड्यांना खाली काच असते, तिथं नजर टाकली की झालं.

जास्तही भरू नका. पुस्तिकेत ८०० मिली असेल आणि मिस्त्रीनं लिटरचा डबा रिकामा केला, तर इंजिन जड चालतं आणि जादा ऑइल एअर फिल्टरमध्ये चढतं. उरलेलं ऑइल झाकण लावून घरी न्या. टॉप-अपला तेच कामी येतं.

स्कूटरवाल्यांनी आणखी एक विचारावं. मागच्या चाकाजवळच्या गिअरबॉक्समध्ये वेगळं गिअर ऑइल असतं, साधारण १०० ते १२० मिली. शंभर रुपयांच्या आतलं हे काम सहसा विसरलं जातं.

दुकानात आणि गॅरेजमध्ये

सुटं ऑइल घेऊ नका. डबा तुमच्यासमोर फोडायला सांगा. झाकणाची कडी अखंड हवी, आतलं सील जागेवर हवं, आणि महिना-वर्ष, बॅच क्रमांक, किंमत स्पष्ट छापलेले हवेत. रिकामा डबा घरी आणा किंवा तिथंच त्याला भोक पाडा, म्हणजे त्यात दुसरं काही भरून विकता येणार नाही. ड्रेन बोल्टचं वॉशर नवं टाकायला सांगा. काही रुपयांची वस्तू आहे, ती चुकली की थेंब-थेंब गळती सुरू होते. कागदी ऑइल फिल्टर असलेल्या गाडीचा फिल्टर पुस्तिकेनुसार बदला. छोट्या गाड्यांत बहुतेक वेळा नुसती जाळी असते, ती धुवून घेता येते.

वॉरंटीच्या काळात कंपनीच्याच सर्व्हिस सेंटरला जा आणि बिलं जपून ठेवा. ‘फ्री सर्व्हिस’मध्ये मजुरी माफ असते, ऑइलचे पैसे लागतात. छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेतले किंवा डबा बनावट निघाला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. तेव्हा बिल आणि डबा दोन्ही हाताशी हवेत. काढलेलं काळं ऑइल बांधावर किंवा गटारात ओतू नका. कायद्यानं तो घातक कचरा आहे. झाकणबंद कॅनमध्ये साठवून अशा ऑइलची अधिकृत उचल होते त्या गॅरेजला द्या.

मग घ्यायचं काय?

१०० ते १२५ सीसीची रोज राबणारी मोटरसायकल असेल, तर पुस्तिकेतल्या ग्रेडचं एमए किंवा एमए-२ मिनरल आणि दर ३,००० किमीला बदल. गॅरेज लांब असेल आणि वेळ काढणं जमत नसेल, पण घरात कुणी पातळी नियमानं पाहत असेल, तर सेमी-सिंथेटिक. घाट, ऊन, डबलसीट किंवा १५० सीसीच्या वरची गाडी असेल तर फुल सिंथेटिक, पुस्तिकेच्या मर्यादेतच. स्कूटरला एमबी आणि सोबत गिअर ऑइल. आणि घरातली कुठलीही गाडी असो, डिपस्टिक पाहण्याचं काम एकाच माणसाकडं ठरवून द्या. गाडी सगळ्यांची असली की ते काम कुणाचंच राहत नाही.