थॅलियम नसलेली थॅलियम टेस्ट

प्रश्न : माझे वडील 67 वर्षांचे आहेत. चढ चढताना छातीत दाटून येतं म्हणून अँजिओग्राफी केली, तर एका रक्तवाहिनीत 60 ते 70 टक्के ब्लॉक निघाला. आता डॉक्टर म्हणतात, स्टेंटचं ठरवण्याआधी ‘स्ट्रेस थॅलियम’ करून घेऊ. अँजिओग्राफीत सगळं दिसलं असताना ही आणखी एक टेस्ट कशाला? शिवाय थॅलियम म्हणजे उंदरांचं विष ना? – एक वाचक, सांगली

उत्तर : आधी विषाचं बघू. तुमची माहिती बरोबर आहे. थॅलियमची संयुगं एके काळी उंदीर मारायला सर्रास वापरत. शरीर थॅलियमला पोटॅशियम समजून पेशींत घेतं, म्हणून ते घातक. पण शरीराची हीच चूक हृदयतज्ज्ञांच्या पथ्यावर पडली. हृदयाचा जिवंत स्नायू रक्तातून सतत पोटॅशियम ओढत असतो; त्यात किरणोत्सर्गी खूण मिसळली, तर रक्त कुठे पोचलं याचं चित्र बाहेरून घेता येईल. बॅरी झारेट आणि सहकाऱ्यांनी 1973मध्ये ऐन व्यायामात किरणोत्सर्गी पोटॅशियमच टोचून हे करून दाखवलं. पुढे दोनेक वर्षांत अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेने थॅलियम-201 पुढे आणलं. कॅमेऱ्याला ते अधिक सोयीचं होतं आणि टेस्टला त्याचं नाव चिकटलं. त्या इंजेक्शनात थॅलियम किती? ग्रॅमच्या अब्जांश भागांत मोजावं इतकं. त्याने विषबाधा होत नाही.

आणि वडिलांना बहुधा थॅलियम मिळणारही नाही. पावती नीट वाचा, तिच्यावर टेक्नेशियम, सेस्टामिबी किंवा नुसतं ‘मिबी’ असेल. औषध बदलून बरीच वर्षं झाली, तरी आपल्याकडे ‘थॅलियम’ हाच शब्द तोंडात बसलाय. टेक्नेशियमची गोष्टही मजेची आहे. हे मूलद्रव्य निसर्गात जवळपास नाहीच. 1937मध्ये सेग्रे आणि पेरिएर यांना ते इटलीतल्या पालेर्मोत सापडलं, तेही अमेरिकेतल्या सायक्लोट्रॉनमधून आलेल्या मॉलिब्डेनमच्या पत्र्यात. त्याचं वैद्यकातलं रूप दर 6 तासांनी निम्मं होतं, त्यामुळे साठवून ठेवायची सोय नाही. म्हणून रुग्णालयात मॉलिब्डेनम भरलेला जनरेटर आणतात आणि त्यात तयार होत राहणारं टेक्नेशियम सकाळी सकाळी काढून घेतात. या जनरेटरला जगभरच्या प्रयोगशाळांत ‘गाय’ म्हणतात. रोज धार काढायची. आठवड्याभरात गाय आटते, मग नवी आणायची. आपल्या देशात अशा गायी पुरवणाऱ्यांत वाशीची ‘ब्रिट’ ही अणुऊर्जा विभागाची संस्था आहे.

आता तुमचा मूळ प्रश्न. तुम्ही कृष्णाकाठचे, तेव्हा पाटाच्या पाण्याचं उदाहरण घेतो. अँजिओग्राफी पाट दाखवते : कुठे गाळ साठलाय, किती रुंदी उरलीय. ही टेस्ट शेत दाखवते. पाट अर्धा बुजला म्हणून शेवटचं शेत वाळतंच असं नाही. पावसाळ्यात कुणाची तक्रार नसते. खरी परीक्षा एप्रिलमध्ये. हृदयाचंही तसंच आहे. माणूस स्वस्थ बसलेला असताना वाहिनी 80 टक्क्यांपर्यंत अरुंद झाली तरी स्नायूला पुरेसं रक्त मिळू शकतं. कमतरता दिसते ती मागणी वाढल्यावर. वडिलांचा 60-70 टक्क्यांचा ब्लॉक नेमका त्या टप्प्यातला आहे जिथे नुसत्या चित्रावरून सांगणं अवघड.

म्हणून एप्रिल मुद्दाम आणायचा. ट्रेडमिलवर दमवून, हृदय ऐन जोरात असताना इंजेक्शन देतात. गुडघे दुखत असतील तर वाहिन्या रुंदावणारं औषध देतात. वडिलांना दमा असेल तर ते आधीच सांगा. मला या टेस्टमध्ये सगळ्यात आवडणारी गोष्ट अशी, की फोटो तेव्हाच काढावा लागत नाही. सेस्टामिबी पेशीत शिरून तिथेच बसतं. वडील पाऊण तासाने, श्वास स्थिरावल्यावर, हात डोक्यावर घेऊन कॅमेऱ्याखाली झोपतील आणि चित्र मात्र उमटेल धापेच्या त्या मिनिटाचं. विश्रांतीच्या अवस्थेतला दुसरा फोटो वेगळ्या इंजेक्शनने घेतात. दोन्हींत फिकट दिसणारा भाग बहुतेक जुन्या अटॅकचा वण असतो. फक्त श्रमाच्या फोटोत फिकट असेल, तर तो भाग जिवंत आहे आणि तहानलेला आहे.

एक फट सांगायलाच हवी. चित्रात एका भागाची तुलना दुसऱ्या भागाशी होते. तिन्ही वाहिन्या सारख्याच तुंबल्या असतील, तर सगळीच शेतं सारखी कोमेजतात आणि चित्र फसवं चांगलं दिसू शकतं.

पुढच्या काळाबद्दल ही टेस्ट जे सांगते ते मला निदानापेक्षाही मोलाचं वाटतं. पुरेसा व्यायाम झेपला आणि चित्र स्वच्छ आलं, तर वर्षभरात अटॅक किंवा हृदयविकाराने मृत्यू येण्याची शक्यता साधारण एका टक्क्याहून कमी धरतात. मधुमेह असेल तर थोडी जास्त. उलट, जितका मोठा भाग तहानलेला तितका धोका वाढतो. मग तहान दिसली की स्टेंट टाकायचाच का? पूर्वी बरेचजण तसंच म्हणत. 2020मध्ये ‘इस्केमिया’ या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. मध्यम किंवा तीव्र तहान असलेले 5,179 रुग्ण तीनेक वर्षं पाहिले, त्यात भारतातलेही होते. सरसकट स्टेंट-बायपास केलेल्यांत आणि आधी नीट औषधं दिलेल्यांत मृत्यू व अटॅकच्या बाबतीत ठळक फरक आढळला नाही. छातीत दुखणं मात्र स्टेंट-बायपासवाल्यांचं जास्त कमी झालं. डाव्या मुख्य वाहिनीत मोठा अडथळा असणारे त्यात नव्हते, हे विसरू नका. तेव्हा रिपोर्ट आल्यावर डॉक्टरांना इतकंच विचारा : दाटून येतं ते याच ब्लॉकमुळे का, आणि औषधांनी भागेल का?

काहीच त्रास नसताना ‘पॅकेज’मध्ये मिळते म्हणून ही टेस्ट करून घेणाऱ्यांचं मला नवल वाटतं. दोन्ही फोटो मिळून साधारण 10 मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग होतो, म्हणजे निसर्गातून आपल्याला तीन-चार वर्षांत मिळतो तितका. कारण असेल तर तो घ्यावा, हौसेखातर नाही.

आदल्या दिवसापासून चहा-कॉफी बंद. चॉकलेट आणि कोलासुद्धा. वडील चहाबाज असतील तर ट्रेडमिलपेक्षा हेच जड जाईल. त्यांच्या गोळ्यांपैकी कुठली थांबवायची ते डॉक्टरांनाच ठरवू द्या. त्या दिवशी नातवंडांना मांडीवर घेणं टाळलेलं बरं. आणि लगेच विमानप्रवास असेल तर रुग्णालयातून एक चिठ्ठी घेऊन ठेवा. काही विमानतळांवर किरणोत्सर्ग ओळखणारी यंत्रं असतात. ती वडिलांना पाहून ओरडू शकतात.