जुनी मॅन्युअल लेन्स, नवा कॅमेरा: कापडाची वीण फोकसमध्ये कशी आणायची?



गिऱ्हाईक दुकानात आलं की आधी काय करतं? कापडाला हात लावतं. दोन बोटांत चोळून बघतं, उजेडात धरून वीण बघतं. ऑनलाइन विक्रीत हे हाताचं काम फोटोला करावं लागतं. फोटोत वीण दिसली नाही, तर गिऱ्हाईक अंदाजाने माल घेतं. अंदाज चुकला की पार्सल परत येतं. मग जायचं-यायचं भाडं, पुन्हा घडी, पुन्हा पॅकिंग, सगळं आपल्या मार्जिनमधून.

भिवंडीत माग भरपूर, कापड भरपूर. आता बरेच तरुण घरचं शर्टिंग, ड्रेस मटेरियल थेट गिऱ्हाइकाला विकायला लागलेत. त्यांच्याकडे सेकंडहँड कॅमेरा असतो, पण जवळून बारीक फोटो काढायची नवी लेन्स बजेटबाहेर जाते. अशा वेळी फिल्मच्या जमान्यातली ५० एमएमची मॅन्युअल लेन्स कामाला येते. लग्नाचे फोटो काढणाऱ्या जुन्या स्टुडिओंच्या कपाटात अशा लेन्स पडून असतात. मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारातही विचारता येईल.

व्हिडिओत सगळं करून दाखवलंय. आकडे आणि स्टेप्स इथे लिहून देतोय, म्हणजे व्हिडिओ मागे-पुढे करायला नको.

आधी हिशेब

तुमचा मोबाइल वीण नीट दाखवत असेल, तर एक रुपयाही खर्च करू नका. कॅमेरा आधीच असेल आणि जुनी लेन्स स्वस्तात मिळत असेल, तरच पुढे वाचा.

लेन्स घेताना मोबाइलचा टॉर्च एका बाजूने मारा आणि दुसऱ्या बाजूने आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसल्या, तर ती बुरशी. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत ती हमखास धरते. अशी लेन्स फुकट मिळाली तरी नको. फोकसची रिंग अडकत नाही ना, अ‍ॅपर्चरची पाती तेलकट नाहीत ना, तेही बघा.

कुठली लेन्स कुठल्या कॅमेऱ्यावर?

लेन्सच्या माउंटपासून सेन्सरपर्यंतचं अंतर प्रत्येक कंपनीचं ठरलेलं असतं.

- निकॉन एफ: ४६.५ मिमी
- एम४२ (आट्यांची लेन्स, उदा. जुनी पेंटॅक्स टाकुमार, रशियन हेलिओस): ४५.४६ मिमी
- कॅनन ईएफ: ४४ मिमी
- कॅनन आरएफ: २० मिमी
- सोनी ई: १८ मिमी
- निकॉन झेड: १६ मिमी

मिररलेस कॅमेऱ्यात हे अंतर कमी असतं. उरलेली जागा ॲडॉप्टर भरून काढतो, म्हणून त्यावर बहुतेक जुन्या लेन्स चालतात. साध्या ॲडॉप्टरमध्ये काच नसते, ती फक्त धातूची रिंग असते.

निकॉनच्या डीएसएलआरवर एम४२ लेन्स साध्या रिंगने लावली, तर एक-दीड मीटरच्या पलीकडे फोकस होत नाही. लांबचे फोटो काढणाऱ्याला हे चालणार नाही. आपल्याला कापड हातभर अंतरावरूनच टिपायचंय, त्यामुळे आपलं काही अडत नाही. अंतर भरून काढणारा काचवाला ॲडॉप्टर मिळतो, पण स्वस्तातल्या काचेने फोटो मऊ पडतो. तो टाळा.

एक सावधगिरी. निकॉनच्या १९७७ च्या आधीच्या लेन्स काही डीएसएलआरवर थेट लावल्या तर कॅमेऱ्याचा भाग मोडू शकतो. तुमच्या मॉडेलला चालते का, हे बघूनच लावा.

कॅमेऱ्यातली सेटिंग

१. लेन्स कॅमेऱ्याशी बोलत नाही, म्हणून काही कॅमेरे क्लिकच करत नाहीत. मेनूमध्ये ‘लेन्सशिवाय शटर’ असा पर्याय असेल तर तो चालू करा.
२. मोड एम ठेवा. अ‍ॅपर्चर लेन्सच्या रिंगवरून बदलायचं.
३. कॅमेरा ट्रायपॉडवर असेल तर स्टॅबिलायझेशन बंद. हातात असेल तर मेनूमध्ये ५० एमएम स्वतः भरा.

फोकस: खरं काम इथे आहे

एपीएस-सी सेन्सर, ५० एमएम लेन्स, एक मीटर अंतर धरा. एफ/२ वर जेमतेम ३ सेंमी खोलीचा पट्टा शार्प येतो. एफ/८ वर तोच १२-१३ सेंमी होतो. म्हणून कापडासाठी एफ/५.६ ते एफ/८ ठेवा. एफ/१६ च्या पुढे जाऊ नका, तिथे सगळाच फोटो थोडा मऊ व्हायला लागतो.

आता क्रमाने करा:

१. कॅमेरा कापडाला समांतर ठेवा. कापडावर छोटा आरसा सपाट ठेवा. आरशात लेन्सचं प्रतिबिंब बरोबर फ्रेमच्या मधोमध दिसलं, की कॅमेरा सरळ. हे चुकलं तर एक कोपरा शार्प आणि दुसरा धुरकट येणारच.
२. डीएसएलआर असेल तर लाइव्ह व्ह्यू लावा. व्ह्यूफाइंडरमधून डोळ्याच्या अंदाजावर राहू नका.
३. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा. पट्टा पातळ झाला की चूक लगेच दिसते.
४. स्क्रीनवर झूम करा, ५ किंवा १० पट. एकच धागा पकडा. रिंग फिरवत धागा स्पष्ट होऊन पुन्हा धुरकट होईपर्यंत पुढे जा, मग सावकाश मागे या.
५. अ‍ॅपर्चर एफ/८ वर आणा आणि पुन्हा झूम करून तपासा. काही लेन्समध्ये अ‍ॅपर्चर बदललं की फोकस किंचित सरकतो.
६. २ सेकंदांचा टायमर लावून क्लिक करा.

फोकस पीकिंगचं काय? रंगीत कडा दाखवणारी ही सोय चेहऱ्याला, बाटलीला बरी. कापडात मात्र प्रत्येक धागा ही एक कडाच असते. त्यामुळे थोडं आउट असलं तरी अख्खं कापड लाल-पिवळं चमकतं आणि आपल्याला वाटतं जमलं. पीकिंग जवळपास पोचायला वापरा, शेवटचा निर्णय झूमवर घ्या.

आपल्याकडच्या दोन खास अडचणी

*मागाची थरथर.* शेजारी माग चालू असतील तर जमीनच हलत असते आणि तिच्यासोबत ट्रायपॉडही. फोकस बरोबर असूनही फोटो हलतो, आणि दोष मात्र लेन्सला दिला जातो. माग बंद असतानाच्या वेळेत फोटो काढा. ते जमत नसेल तर फ्लॅश वापरा, किंवा खिडकीच्या उजेडात शटर १/२५० च्या वर ठेवा. ट्यूबलाइटखाली मात्र इतकं वेगवान शटर नको, फोटोत पट्टे येऊ शकतात. तिथे १/५० किंवा १/१०० ठेवा आणि जागा न हलणारी निवडा.

*लाटांसारखे पट्टे.* बारीक विणीचं शर्टिंग एकदम शार्प आलं की कधी कधी कापडात नसलेले रंगीत लहरी पट्टे फोटोत उमटतात. याला मॉरे म्हणतात. धाग्यांची जाळी आणि सेन्सरच्या ठिपक्यांची जाळी एकमेकांवर आली की हे होतं. कॅमेरा थोडा पुढे-मागे घ्या किंवा कापड जरा तिरकं फिरवा. असा फोटो तपासल्याशिवाय टाकू नका. गिऱ्हाईक त्याला डिझाइन समजेल आणि साधं कापड हातात पडलं की परत पाठवेल.

उजेड समोरून नको, एका बाजूने येऊ द्या. धाग्याची सावली पडली की पोत उठून दिसतो.

या आठवड्याचा गृहपाठ

एकाच ताग्याचे तीन फोटो काढा: अख्खी घडी, हातभर भाग आणि विणीचा क्लोजअप. क्लोजअपमध्ये शिंप्याच्या टेपचा तुकडा ठेवा, म्हणजे धागा किती जाड-बारीक ते गिऱ्हाइकाला कळेल. फोटो मोबाइलवर घ्या, बोटांनी मोठा करा आणि ताग्याशेजारी धरून बघा. ताग्यात दिसतं तेच फोटोत दिसलं, तरच लिस्टिंगला लावा. जुने फोटो काढून टाकायच्या आधी त्या मालाचे महिन्याला किती रिटर्न येतात, ते वहीत लिहून ठेवा. पुढच्या महिन्याचा आकडा त्याच्या शेजारी लिहा. लेन्सचे पैसे वसूल झाले की नाही, ते वही सांगेल.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. धंदा करा, हिशेबाने करा!